आधी बर्फ, मग बॅटरी : २० हजार लिटरच्या डेअरीतील सौरवीज आणि साठवणुकीचे प्रकरण

निफाड-सिन्नर पट्ट्यातली मध्यम डेअरी. रोजचे संकलन २० हजार लिटर : सकाळी ११ हजार, संध्याकाळी ९ हजार. दूध पाश्चराइझ करून पाउचमध्ये भरले जाते आणि पहाटेच्या गाड्यांनी नाशिककडे जाते. वीज जोडणी उच्चदाब औद्योगिक, करार मागणी (एका वेळी घेता येणाऱ्या विजेची ठरलेली कमाल) १६० केव्हीए. लाइट गेली तर १२५ केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर). मालकांकडे एका कंत्राटदाराचा प्रस्ताव आहे : छतावर सोलर आणि सोबत ४५० युनिटची लिथियम बॅटरी, म्हणजे ‘दिवसा साठवा, संध्याकाळी वापरा’. प्रश्न एवढाच की ही बॅटरी घ्यावी का, आणि घ्यायची तर केवढी.

हे कोणा एका डेअरीचे नाव झाकून लिहिलेले प्रकरण नाही. या आकाराच्या डेअरीत जशी यंत्रे आणि जसा भार असतो, तसा धरून ते बांधले आहे. वीजदर आणि किमतीही हिशेबापुरत्या धरल्या आहेत. वाचणाऱ्याने तिथे आपल्या बिलातले आणि आपल्या कोटेशनमधले आकडे घालावेत.

वीज जाते कुठे

दिवसाला सुमारे १,२०० युनिट. शीतकरणाला (दोन अमोनिया कॉम्प्रेसर, चिल्ड वॉटर पंप, कंडेन्सरचे पंप-पंखे) ४७०, पाउचच्या कोल्डरूमला १८०, पाश्चरायझर, होमोजिनायझर, सेपरेटर आणि पाउच मशिन यांना मिळून २६०, ईटीपीचे (सांडपाणी शुद्धीकरणाचे) ब्लोअर व बॉयलरला १३०, हवेच्या कॉम्प्रेसरला ९० आणि दिवे, ऑफिस वगैरेला ७०. सगळ्यात मोठा वाटा थंडीचा. म्हणून सोलरचे पॅनल मोजायच्या आधी थंडीचा हिशेब मांडावा लागतो.

दूध ३५ अंशांवर आले आणि ४ अंशांवर न्यायचे, तर प्रत्येक हजार लिटरमधून सुमारे ३५ किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. सकाळच्या ११ हजार लिटरला ३८३, संध्याकाळच्या ९ हजारांना ३१४. पाश्चरायझरमध्ये रिजनरेशन (तापलेल्या दुधाची उष्णता येणाऱ्या गार दुधाला देणे) ९० टक्के धरले तरी शेवटच्या थंड करण्याला आणखी १५७ लागतात. बेरीज ८५४; गळती, पंपांची उष्णता, टाकीचे झाकण उघडे राहणे यासाठी १५ टक्के जादा धरले की ९८० किलोवॅट-तास थंडी. बर्फ करताना कॉम्प्रेसर विजेच्या अडीचपट थंडी देतो, म्हणजे कॉम्प्रेसरला साधारण ३९० युनिट. उरलेले पंप-पंख्यांचे. वरच्या ४७० शी हे जुळते.

या डेअरीत साडेचार टनांचा आइस बँक टँक (नळ्यांवर बर्फ साठवून त्याच्या गार पाण्याने दूध थंड करणारी टाकी) आधीपासून आहे, जसा बहुतेक जुन्या डेअऱ्यांत असतो. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांना अनेक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सूट होती. त्यामुळे ऑपरेटरच्या अंगवळणी पडलेला नियम असा, की बर्फ रात्री करायचा आणि सकाळी वितळवायचा. संध्याकाळच्या दुधाला मात्र कॉम्प्रेसर थेट चालवायचे, तेही नेमक्या महाग वेळेत.

ती वेळापत्रके आता उलटी झाली आहेत. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२३ च्या दुरुस्तीने १० किलोवॅटवरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांसाठी दिवसाचे आठ तास ‘सौर तास’ ठरवून त्यांचा दर निदान २० टक्क्यांनी कमी आणि गर्दीच्या वेळेचा दर निदान २० टक्क्यांनी जास्त ठेवायला सांगितले. हिशेबापुरते दर असे धरू : दुपारी ६.५० रुपये, रात्री ७.७०, संध्याकाळी ९.५०.

या बदलाची एक बाजू सोलर विकणारे सहसा सांगत नाहीत. सोलर ज्या वेळेत वीज देते तीच वेळ आता स्वस्त आहे. म्हणजे छतावरचा प्रत्येक युनिट ९.५० नाही, ६.५० वाचवतो. नेट मीटरिंगमध्येही (ग्रिडला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वळती करणे) वेळेचे टप्पे पाहिले जातात. दुपारी ग्रिडला दिलेला युनिट संध्याकाळच्या युनिटशी रुपयाला रुपया फिटत नाही. सरासरी बिलदर धरून काढलेला परतावा पुढ्यात आला, तर तो कागद परत पाठवावा.

तोच भार दुपारी नेला तर

दोन कॉम्प्रेसर बर्फ करण्याच्या तापमानाला प्रत्येकी २० टन रेफ्रिजरेशन देतात (हा टन वजनाचा नाही, थंड करण्याच्या क्षमतेचा). दोन्ही मिळून १४० किलोवॅट थंडी. सकाळी ९ ते दुपारी ४ असे सात तास दोन्ही चालले तर ९८० च्या जवळपास भरतात. म्हणजे दिवसाची सगळी थंडी सौर तासांत तयार होऊ शकते. कमी आहे ती ठेवायची जागा. पाश्चरायझरचा वाटा दुपारीच खर्च होतो. संध्याकाळचे दूध आणि दुसऱ्या दिवशी सकाळचे दूध, दोन्हींची थंडी मात्र राखून ठेवावी लागते : ३१४ अधिक ३८३, त्यावर १५ टक्के, म्हणजे ८०० किलोवॅट-तास. एक टन बर्फ वितळताना सुमारे ९३ किलोवॅट-तास उष्णता घेतो. म्हणून हवा ८.६ टन बर्फ. टाकी आहे साडेचारची. तेवढीच दुसरी बसवली की काम झाले.

या एका बदलाने रोजचे सुमारे ३२० युनिट (४७० पैकी १५० आधीच दिवसा लागत होते) संध्याकाळ-रात्रीतून दुपारी येतात. निम्मे संध्याकाळचे, निम्मे रात्रीचे धरले तर दिवसाला ६७० रुपये, वर्षाला २.४ लाख. कॉइल, इन्सुलेशन आणि पाइपिंगसह दुसरी टाकी १२ लाखांत बसते असे धरले, तर पाच वर्षांत पैसे फिटतात.

तेच ३२० युनिट बॅटरीने दुपारून संध्याकाळी न्यायचे, तर वापरण्याजोगी क्षमता ८० टक्के आणि येण्या-जाण्यातली घट १० ते १२ टक्के धरून ४५० युनिटची बॅटरी लागते. कंत्राटदाराचा आकडा तिथूनच आला आहे आणि गणित म्हणून तो बरोबर आहे. पण इन्व्हर्टरसह १८ हजार रुपये प्रति युनिट धरले तरी ८० लाखांच्या वर जाते, आणि बचत तीच, उलट घट वजा जाता थोडी कमी. शिवाय बॅटरीला चार-सहा हजार चक्रांचे आयुष्य आहे. पाण्याला असली मर्यादा नाही. जिथे शेवटी थंडीच हवी आहे तिथे वीज साठवून मग थंडी करणे म्हणजे द्राविडी प्राणायाम.

छत

दुपारचा भार आता ११५ किलोवॅटच्या आसपास राहतो : शीतकरण ६५, प्रक्रिया ३०, बाकी २०. त्याला साजेसे सोलर म्हणजे १५० किलोवॅट-पीकच्या (पॅनलवर लिहिलेली कमाल क्षमता) जवळपास. ५४५ वॅटचे २८० पॅनल, एकापुढे एक जोडलेल्या २० पॅनलची एक अशा १४ माळा, १५२.६ किलोवॅट-पीक, ६० किलोवॅटचे दोन इन्व्हर्टर, प्रत्येकावर सात माळा. पॅनलचे क्षेत्र ७२२ चौरस मीटर. चालायच्या वाटा धरून हजार-अकराशे चौरस मीटर छत हवे. वर्षाला साधारण २.२ लाख युनिट, म्हणजे रोजचे सरासरी ६००. किलोवॅटला ४५ हजार धरून खर्च ६८-६९ लाख, बचत ६.५० च्या दराने १४.४ लाख. पावणेपाच वर्षे. घसारा ४० टक्क्यांनी घेता येतो, तो फायदा यात धरलेला नाही.

माळेत पॅनल किती, हा प्रश्न निफाडजवळ गंभीर आहे. या पॅनलचे ओपन सर्किट (भार जोडलेला नसतानाचे) व्होल्टेज २५ अंशांना ४९.६ व्होल्ट, तापमान एक अंश उतरले की ०.२७ टक्के वाढते. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत २ अंशांच्या आसपास गेलेला आहे. २ अंशांना एक पॅनल ५२.७ व्होल्ट देतो. २० ची माळ १,०५४ व्होल्ट, २१ ची १,१०६. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा १,१००. छतावर जागा जुळत नाही म्हणून फॅब्रिकेटरने एखादी माळ २१ ची केली, तर डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या पहाटे सूर्य वर येताच इन्व्हर्टर बंद पडतो किंवा त्याचे इनपुट कार्ड जाते. वॉरंटीवाला व्होल्टेजची नोंद काढून हात वर करतो. उन्हाळ्यात उलट काळजी : पॅनल ७० अंशांना तापला की ताकद १५-१६ टक्क्यांनी घटते, एप्रिलच्या लख्ख उन्हातही १५० मधून १५० मिळत नाहीत. म्हणूनच १५२ पीकला १२० चे इन्व्हर्टर पुरतात.

डेअरीच्या छताला आणखी एक व्यसन असते : बॉयलरची चिमणी. ब्रिकेटवर (दाबून केलेल्या काडीकचऱ्याच्या कांड्यांवर) चालणाऱ्या बॉयलरची काजळी चिकट असते, ती पावसानेही पूर्ण धुऊन जात नाही. चिमणीच्या वाऱ्याकडच्या बाजूला माळा लावाव्यात, आणि सावली-काजळीत येणाऱ्या माळांना वेगळा एमपीपीटी (इन्व्हर्टरमधला, माळेतून जास्तीत जास्त वीज काढणारा भाग) द्यावा, नाहीतर एका माळेपायी शेजारची माळही बसते. धुण्याला बोअरचे पाणी नको. क्षारांचा पांढरा थर काचेवर बसतो तो मग निघत नाही. बॉयलरसाठी सॉफ्टनर असतोच, त्याचे किंवा आरओचे पाणी, पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी पॅनल गार असताना. छत सिमेंटच्या पत्र्याचे असेल तर त्याला भोके पाडून रेल ठोकू नयेत. आधी पत्रा बदला, किंवा भार थेट पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांवर) घ्या.

पॉवर फॅक्टरचा फटका

महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच वर आहे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या विजेबरोबर (किलोवॅट) मोटरच्या चुंबकत्वासाठी लागणारी रिअॅक्टिव्ह वीजही त्यात मोजली जाते. सोलर फक्त किलोवॅट देते. मोटरना लागणारी रिअॅक्टिव्ह वीज ग्रिडकडूनच येत राहते. ११५ किलोवॅटचा भार ०.९३ पॉवर फॅक्टरने (किलोवॅट भागिले केव्हीए) चालतो तेव्हा ४५ केव्हीएआर (रिअॅक्टिव्ह विजेचे माप) लागतात. सोलर ९५ किलोवॅट देत असेल तर ग्रिडकडून फक्त २० किलोवॅट येतात, पण केव्हीएआर तेवढेच. मीटरला दिसतात ५० केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.४. घेतली २० ची वीज, पैसे ५० चे.

सोलर चालू झाल्यावर ‘बिल अपेक्षेएवढे का उतरले नाही’ ही तक्रार बहुतेकदा इथून येते. कपॅसिटरचे एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारे) पॅनल असूनही येते, कारण त्याचा सीटी (प्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर) जुन्या जागी, म्हणजे भाराच्या फीडरवर राहतो आणि त्याला पॉवर फॅक्टर ०.९३ च दिसतो. सीटी मुख्य इनकमरवर (ग्रिडची वीज आत येते तिथे), सोलर जिथे जोडले त्याच्या ग्रिडकडील बाजूला हलवावा. कपॅसिटरच्या पायऱ्या बारीक असाव्यात; २५ ऐवजी ५ आणि १० केव्हीएआरच्या. इन्व्हर्टरही रिअॅक्टिव्ह वीज देऊ शकतो, ती सेटिंग चालू करून घ्यावी. कमिशनिंगच्या दिवशी हे पाहिले नाही तर पुढची सहा बिले तशीच जातात.

ढग आणि मागणी आकार

भार दुपारी आणल्याचा धोका एकच. ढग आला की सोलर मिनिटाभरात ९५ वरून २५ वर येते आणि सगळा भार ग्रिडवर पडतो. इथे ११५-१२५ किलोवॅट म्हणजे १३० केव्हीएच्या आसपास, १६० च्या आत. पण कोल्डरूम, होमोजिनायझर आणि ईटीपीचे ब्लोअर एकाच अर्ध्या तासात जुळले तर काठावर जाते. बिलिंग मागणी (जिच्यावर मागणी आकार लागतो ती) ठरवताना मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीचा ७५ टक्के भागही पाहिला जातो. एका दुपारची चूक वर्षभर बिलात बसू शकते.

यासाठीही बॅटरी सुचवली जाते. गरज नाही. बर्फाला घाई नसते. इनकमरवरच्या मीटरने १४० केव्हीए पाहिले की कंट्रोलरने दुसरा कॉम्प्रेसर अनलोड करायचा (फिरता ठेवून त्याचा भार काढायचा), पंधरा मिनिटांनी पुन्हा घ्यायचा. कॉम्प्रेसर वारंवार बंद-चालू करू नये. अनलोडिंग सिलिंडर वापरावेत आणि दोन स्टार्टमध्ये निदान दहा मिनिटे ठेवावीत.

पावसाळ्यात किलोवॅटला रोज दोन-अडीच युनिटच मिळतात. तेव्हाही वेळापत्रक बदलू नये, कारण दुपारचा दर ग्रिडकडूनही स्वस्तच आहे. पुष्टकाळात (दूध भरपूर येण्याच्या हंगामात) ते २६ हजारांवर गेले की सात तास पुरत नाहीत, नऊ लागतात. वरचे दोन तास पहाटे घ्यावेत, संध्याकाळी नाही. पुष्टकाळ हिवाळ्यात येतो हे सोयीचे आहे : दूध जरा गार येते, कंडेन्सर हलका चालतो, आकाश स्वच्छ असते.

बॅटरी कशासाठी

आता उरतो लाइट जाण्याचा प्रश्न. महिन्याला २५ तास वीज जाते असे धरू. त्या वेळात डीजी सरासरी ३२ किलोवॅटवर चालतो. १२५ केव्हीएच्या इंजिनाला हा भार कमी आहे. सायलेन्सरमध्ये काजळी धरते आणि लिटरला जेमतेम २.६ युनिट मिळतात. महिन्याला ८०० युनिट, ३०८ लिटर, ९० रुपयांच्या भावाने वर्षाला ३.३ लाखांचे डिझेल.

टाकीत बर्फ असेल तर लाइट गेल्यावर अमोनिया कॉम्प्रेसर लागतच नाहीत. दूध थंड करायला लागतो ५.५ किलोवॅटचा चिल्ड वॉटर पंप, २.२ चा अॅजिटेटर, ३.७ चा दूध पंप, शिवाय ७.५ चा कोल्डरूम कॉम्प्रेसर आणि दिवे, मिल्क अॅनालायझर, संगणक, कंट्रोल पॅनलचे ३. एकूण २२ किलोवॅट. बर्फ नसता तर हाच आकडा ८० च्या वर गेला असता. ५० किलोवॅटचा ग्रिड-फॉर्मिंग (ग्रिड नसतानाही स्वतः पुरवठा उभा करणारा) इन्व्हर्टर आणि १०० युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पुरते : ८० वापरण्याजोगे, त्यातले ६० लाइट जाण्यासाठी कायम राखीव, म्हणजे अडीच तासांहून जास्त, वरचे २० रोज संध्याकाळी वापरायचे. डिझेलचा चार पंचमांश खर्च टळला तर २.६ लाख, संध्याकाळचे मिळून २.८ लाखांच्या आसपास. १८ लाखांना साडेसहा वर्षे. हीच बॅटरी फक्त दरातल्या फरकावर चालवली असती, तर वर्षाला ६० हजार रुपये मिळाले असते आणि फिटायला ३० वर्षे लागली असती.

इथे बिघडण्याच्या जागा बऱ्याच आहेत. साधे सोलर इन्व्हर्टर लाइट गेली की बंद होतात, तसेच व्हायला हवे, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. पण त्यामुळे भर दुपारी, ऊन असताना, डेअरी अंधारात जाते. म्हणून एक ६० चा सोलर इन्व्हर्टर आवश्यक भाराच्या बसवर (तो भार जिथून वीज घेतो त्या सामाईक पट्टीवर), बॅटरी इन्व्हर्टरच्या मागे घ्यायचा आणि बेटावर, म्हणजे ग्रिडपासून तुटून, चालताना त्याला ४५ किलोवॅटची मर्यादा घालायची. बॅटरी भरलेली, भार १० आणि सोलर ४५ असे झाले तर जादा वीज जाणार कुठे? बॅटरी इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५० वरून वर नेतो आणि सोलर इन्व्हर्टर ते पाहून हात आखडता घेतो. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर ही भाषा जुळते का, हे खरेदीपूर्वी लेखी घ्यावे. दुसरा इन्व्हर्टर मुख्य बसवरच राहतो आणि लाइट गेली की बंद पडतो.

मोटर स्टार्ट हा दुसरा काटा. ५.५ किलोवॅटचा पंप डायरेक्ट ऑन लाइन (मोटर थेट पूर्ण व्होल्टेजवर जोडणाऱ्या) स्टार्टरवर क्षणभर ७० अँपिअर, म्हणजे ५० केव्हीए मागतो, कोल्डरूमचा ७.५ चा ६५ पर्यंत जातो. ५० किलोवॅटचा इन्व्हर्टर तिथेच ट्रिप होतो, आणि मग ‘बॅटरी खराब आहे’ अशी तक्रार जाते. या दोन मोटरना व्हीएफडी (मोटरचा वेग हळूहळू वाढवणारे यंत्र) किंवा सॉफ्ट स्टार्टर द्यावा आणि लाइट आल्या-गेल्यानंतर त्या एकामागून एक, १०-१५ सेकंदांच्या अंतराने चालू व्हाव्यात असा टायमर ठेवावा. पाश्चरायझरचा पीएलसी (यंत्र चालवणारा छोटा संगणक) वेगळ्या छोट्या यूपीएसवर हवा. बदलाच्या क्षणी तो रीसेट झाला तर फ्लो डायव्हर्शन व्हॉल्व्ह (नीट न तापलेले दूध मागे वळवणारी झडप) उलटतो आणि दूध पुन्हा फिरवावे लागते.

बॅटरीचे कपाट बॉयलर किंवा डीजीच्या खोलीत ठेवू नये. बाहेरच्या भिंतीला, सावलीत, वेगळ्या खोलीत, ३५ अंशांच्या आत. अमोनियाचा वास पोचेल अशा जागीही नको. तांब्याला अमोनिया लागला की टर्मिनल आणि बसबार हिरवे पडतात.

दोन टाक्या चालवताना

बर्फ ३५ ते ४० मिलिमीटर जाडीवर थांबला पाहिजे. त्यापुढे शेजारच्या नळ्यांवरचे थर एकमेकांना चिकटतात, मधून पाणी जायला वाट राहत नाही आणि टाकी भरलेली असूनही बाहेर येणारे पाणी एक-दीडऐवजी चार-पाच अंशांचे येते. ऑपरेटर अशा वेळी ‘बर्फ कमी पडतोय’ समजून कॉम्प्रेसर आणखी चालवतो आणि स्थिती बिघडवतो. जाडीचा सेन्सर दोन ठिकाणी बसवावा, इनलेटजवळ आणि लांबच्या टोकाला. हवेचे अॅजिटेशन बंद पडले की एका टोकाला डोंगर आणि दुसऱ्या टोकाला उघड्या नळ्या असे चित्र दिसते. आठवड्यातून एकदा, आळीपाळीने, एक टाकी पूर्ण वितळू द्यावी. कॉइलमध्ये साचलेले तेल नियमाने काढावे. त्याचा थर बसला की सक्शन प्रेशर खाली जाते आणि तेवढ्याच बर्फाला जास्त युनिट लागतात.

हातात घ्यायचा क्रम

आधी एपीएफसीचा सीटी आणि मोटर स्टार्टर, मग दुसरी टाकी, मग सोलर, शेवटी बॅटरी. नेट मीटरिंगचा अर्ज टाकीच्या ऑर्डरबरोबरच द्यावा, कारण तपासणी, विद्युत निरीक्षकाची मंजुरी आणि मीटर बदल यांना वेळ लागतो. पॅनल एएलएमएम (सरकारमान्य पॅनल आणि उत्पादकांच्या) यादीतलेच घ्यावेत. शिल्लक युनिटचा हिशेब ३१ मार्चला बंद होतो आणि उरलेल्या युनिटना फारच कमी भाव मिळतो. या डेअरीत शिल्लक उरणारच नाही, कारण रोजचे ६०० युनिट १,२०० मध्ये जिरतात.

ताबा घेताना चार चाचण्या कंत्राटदाराच्या माणसासमोर कराव्यात. भर दुपारी मुख्य ब्रेकर पाडून डेअरी बेटावर चालते का. संध्याकाळी संकलन सुरू असताना तेच. बॅटरी ९५ टक्के भरलेली असताना दुपारी ब्रेकर पाडून सोलर आपोआप आवरते का. आणि बॅटरी संपत आल्यावर डीजी सुरू झाला तर सोलर डीजीला उलटी वीज देत नाही ना. डीजी चालू असताना तो ३० टक्के भाराखाली जाऊ नये अशी सोलरला मर्यादा हवी. बिलाचे शेवटचे दहा टक्के या चारही चाचण्या पास झाल्यावर द्यावेत, हे वर्क ऑर्डरमध्ये आधीच लिहावे.